पुण्यात, फ्रिज पुन्हा गार होईपर्यंत

आमच्या अमरावतीतून पुण्याला जाण्यात आता काही नवल राहिलेलं नाही. गल्लीतल्या बहुतेक घरांतलं एक तरी मूल हिंजवडीला आहे. आईवडील वर्षातून एकदा जातात, तिथल्या ट्रॅफिकला नावं ठेवतात आणि परत येतात. मी ट्रॅफिकबद्दल लिहिणार नाही. मी पुण्यात जे पाहिलं ते एका तळघरात होतं आणि तिथं फारसं कुणी जात नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी मुक्ता तिथल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. तिची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते. सभागृहात कुणीही जाऊन बसू शकतं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिचे बाबा त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. या परीक्षेला आम्ही दोघांनी जायचं हे तिनं प्रवेश घेतला तेव्हाच ठरलं होतं. मागच्या दिवाळीच्या थोडं आधी ते गेले. त्यानंतर हा माझा पहिला प्रवास, आणि एकटीनं केलेलाही पहिलाच.

सदाशिव पेठ

मुक्ता स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. बॅग पायांशी, मी मागे. लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "आई, परीक्षा आठवडाभर पुढं गेली आहे. बाहेरच्या परीक्षकांना अडचण आली."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू तिकीट रद्द केलं असतंस."

ते खरं होतं. पुढच्या सिग्नलला तिनं उरलेलं सांगितलं. "आणि मी फ्रिज गरम करायला लावला आहे."

मला वाटलं, खोलीतला फ्रिज बिघडला असेल.

तिची खोली सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकीणबाई, कानिटकर काकू, निवृत्त शिक्षिका आहेत आणि खालीच राहतात. आम्ही जिना चढत होतो तेव्हा त्या दारात आल्या.

"या. मुक्ताच्या आई ना आपण? किती दिवस मुक्काम?"

"परीक्षा होईपर्यंत," मी म्हणाले.

"कुणाची? तिची की माझी?"

मी गोंधळले. मुक्ता हसत होती. आमच्याकडे पाहुण्याला असं विचारलं असतं तर तो उलट पावली निघाला असता आणि पुढची दहा वर्षं त्याची आठवण काढत बसला असता. पण संध्याकाळी त्याच काकूंनी वर येऊन विचारलं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, पूर्ण की अर्धा, आता की अर्ध्या तासानं. मी सांगितला तसाच चहा, सांगितल्या वेळी आला. आमच्याकडे आग्रह करतात, इथं विचारतात. मला हे दुसरं आवडायला दोन दिवस लागले.

कसला फ्रिज

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी, मला जेवढं समजलं तेवढं सांगते. चुकलं तर मुक्ता वाचून दुरुस्त करेल.

बोटाच्या नखाएवढ्या चिपवर ॲल्युमिनिअमची एक बारीक कडी असते. ती अतिशय गार केली की तिच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, आणि मग ती कडी एखाद्या अणूसारखी वागू लागते. तिला क्यूबिट म्हणतात. साधा संगणक शून्य किंवा एक असं धरून चालतो. क्यूबिट दोन्ही एकत्र धरू शकतो. पण फार थोडा वेळ. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी हजाराव्या हिश्शात त्याचा मेळ सुटतो. तो का सुटतो आणि आणखी थोडा वेळ कसा टिकवता येईल, हा मुक्ताचा विषय.

तिच्या बाबांना तिनं हे फोनवर घड्याळाच्या उदाहरणानं समजावलं होतं, ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडत असेल तर काही बिघडत नाही. आपण तेवढं धरून चालतो. पण आज थोडं मागं, उद्या थोडं पुढं, परवा काय ते देव जाणे, असं असेल तर त्या घड्याळावर कुणी गाडी पकडायला जाऊ नये. क्यूबिटच्या आसपास असं काहीतरी सतत हळूहळू सरकत असतं. याला ते लोक नॉइज म्हणतात, पण तो आवाज नाही. तो सावकाश होणारा बदल आहे, आणि जितका जास्त वेळ पाहत बसावं तितका तो जास्त भटकलेला दिसतो.

हे कशामुळे होतं, यावर बऱ्याच लोकांचा संशय चिपच्या पृष्ठभागावर आहे. हवेतले ऑक्सिजनचे कण तिथं येऊन चिकटतात आणि प्रत्येक कण इवल्याशा चुंबकासारखा, मनात येईल तेव्हा, कूस बदलतो. मुक्तानं एकसारख्या दोन चिप बनवल्या. एक तशीच ठेवली. दुसरी निर्वात जागेत तापवून, तिच्यावर अतिनील प्रकाश टाकून स्वच्छ केली आणि पुन्हा हवा लागू न देता तांब्याच्या डबीत बंद केली. दोन्ही शेजारीशेजारी फ्रिजमध्ये टांगून गार केल्या. स्वच्छ केलेलीचा मेळ दुसरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकला. तोच आलेख तिच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात होता, आणि प्रबंध परीक्षकांकडे जाऊन त्यांची संमतीही आली होती.

आता फक्त परीक्षा उरली होती, आणि हिनं फ्रिज गरम करायला लावला होता.

"का गं?" मी विचारलं.

"एकदाच गार करून पाहिलं आहे, आई. गरम करून पुन्हा गार केलं की आतलं सगळं थोडं वेगळं बसतं. शिवाय दोन चिपच्या तारा वेगळ्या आहेत. या वेळी त्यांची अदलाबदल करणार."

"आणि फरक दिसला नाही तर?"

ती पोह्यांवर शेव घालत होती. आमच्याकडे पोह्यांवर तिखट रश्शाची तर्री असते; इथं ओलं खोबरं आणि शेव घालून देतात आणि त्यात कमी काय आहे ते यांना कळत नाही. "नाही दिसला तर तसं सांगायचं," ती म्हणाली. "परीक्षकांनी मनात आणलं तर ते प्रबंध परत पाठवू शकतात. मग आणखी सहा महिने. कदाचित जास्त."

मुक्ताचे बाबा प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांना दुसरं वाचन त्याच मांडणीवर घेऊ देत नसत. भिंग काढा, दिवा काढा, स्टँड सोडा, टेबल रिकामं करा आणि पुन्हा मांडा, मग घ्या वाचन. मुलं मनातल्या मनात शिव्या देत, तास संपून जाई, आणि प्रयोगशाळेचा शिपाई ग्रंथालयात येऊन माझ्याकडे तक्रार करी. मुक्ता लहानपणी त्या वर्गात मागच्या बाकावर बसून चित्रं काढायची. मला वाटायचं, ती चित्रं काढते आहे.

तळघर

दुसऱ्या दिवशी तिनं मला तिकडे नेलं. संस्था नदीपलीकडे आहे, भरपूर झाडं आहेत, आणि जिना उतरला की गारवा लागतो. दारावर हातानं लिहिलेली पाटी होती:

"आत चुंबक नेऊ नये. मोबाईल, किल्ल्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. 'एवढ्यानं काय होतंय' हे बाहेर म्हणून घ्यावं."

मोबाईल आणि किल्ल्या मी ट्रेमध्ये ठेवल्या.

आत मुक्ताचा सहकारी ओंकार होता. तो पुण्याचाच, शनिवार पेठेतला, प्रबंधाच्या बाबतीत तिच्या वर्षभर मागं. त्याने मान हलवली, "नमस्कार काकू" म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

पंप चालू असेल तोवर फ्रिज गार राहतो, पंप बंद केला की हळूहळू गरम होतो; चालू असताना बाहेरून फक्त एक पांढरं पिंप दिसतं. तो गरम झालेला होता म्हणूनच मला आतलं पाहायला मिळालं, आणि तेवढ्यासाठी तरी परीक्षा पुढं गेली हे बरं झालं. छताच्या चौकटीपासून खाली एकाखाली एक तांब्याच्या गोल चकत्या टांगलेल्या, त्यांना सोन्याचा मुलामा, आणि एका चकतीतून दुसरीकडे उतरणाऱ्या केसांसारख्या वाकवलेल्या नळ्या. वरची चकती गार, खालची त्याहून गार, आणि सगळ्यात खालची, चालू असताना, याहून गार जगात काही असूच शकत नाही अशी जी सीमा आहे तिच्या उंबरठ्यावर. त्या चकतीखाली दोन डब्या होत्या, काड्यापेटीएवढ्या. वाकवलेल्या नळ्यांतल्या निम्म्या माझ्या मुलीनं वाकवल्या होत्या. एक दाखवून ती म्हणाली, "ही वाकडी आली आहे, पण चालते." मी तिच्या हातांकडे पाहिलं. नखं अगदी मुळापासून कापलेली होती. लहानपणी नखं कापायला धरून आणावं लागायचं.

"डबी उघडून दाखवतेस?"

"उघडली की हवा लागली. मग सगळं फुकट." तिनं एक जुनी, कामातून गेलेली चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला चष्मा हवा होता. मी पर्स टेबलावर टेकवली, तर ती टक्‌ आवाज करून शेजारच्या उंच करड्या डब्याला चिकटली.

ओंकार उठून आला. त्याने पर्स दोन बोटांनी सोडवली आणि बटणाकडे पाहिलं.

"काकू, पाटी वाचलीत ना?"

"वाचली. पर्सच्या बटणात चुंबक असतो हे ठाऊक नव्हतं."

"पर्सला ठाऊक होतं," तो म्हणाला.

तो करडा डबा म्हणजे चिपभोवती घालायचं कवच. बाहेरचं चुंबकत्व आत येऊ नये म्हणून तो खास धातूचा असतो, आणि मी त्यालाच चुंबक लावला होता. मुक्ताचा चेहरा उतरलेला मी पाहिला. ती मला रागावली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं. डब्याभोवती तारेचे वेढे घालून, त्यांतून उलटसुलट वीज सोडून ती हळूहळू कमी करत आणली की तो पुन्हा निर्मळ होतो म्हणे. त्यात सगळी दुपार गेली. ते काम ओंकारनं केलं, मुक्तानं दोन चिपच्या तारांची अदलाबदल केली आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले.

संध्याकाळी स्कूटरवर मी विचारलं, "आता निकाल वाईट आला तर माझ्यामुळे असेल का?"

"दोन्ही चिप त्याच कवचात आहेत, आई. बिघडलं तर दोघींचं सारखं बिघडेल. त्यासाठीच तर दुसरी आहे."

मला या उत्तराचा फार आधार वाटला. आईची चूकही तिनं आधीच हिशेबात धरलेली होती.

खडकी

फ्रिज गार व्हायला दोन-अडीच दिवस लागतात. त्या वेळात कुणी काही करू शकत नाही. मधल्या रविवारी आम्ही खडकीला माझ्या धाकट्या दिरांकडे गेलो. सुधाकर भाऊजी तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत आणि वसाहतीत राहतात. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांची वऱ्हाडी गेलेली नाही. जाऊबाईंनी पाटवडीची रस्साभाजी केली होती, तिखट, तेलाचा तवंग वर. दोन-तीन दिवस गुळाची आमटी खाल्ल्यावर पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानंच, असं मी सर्वांना सांगितलं.

भाऊजींना फ्रिजची हकीकत कळल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"काहून वहिनी, पोरगी पास होऊन राहिली होती ना? मास्तर राजी, परीक्षक राजी. अन् हिनं आपल्याच हातानं पेपर परत तपासाले देला?"

"काका, पेपर माझाच आहे," मुक्ता म्हणाली.

"तेच म्हणून राहिलो मी. आमच्या कारखान्यात एक नियम आहे बापा. मशीन चालून राहिली असंल तर तिले हात लावाचा नाही."

"का चालते आहे ते माहीत नसेल तरी?"

"माहीत नसंल तर बिलकूलच नाही."

जाऊबाई हसल्या. भाऊजी हसले नाहीत. ते तिला ओरडत नव्हते, घाबरले होते. भाऊ गेल्यापासून या मुलीचं काही अडू नये हे त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. दर रविवारी फोन असतो. मी विचारलं, "भाऊजी, तुमच्या दादांनी काय केलं असतं?"

त्यांनी बराच वेळ भाताचा गोळा केला. मग म्हणाले, "दादानं तर स्क्रू बी काढून पाहिले असते."

मुक्ता ताटाकडे पाहत जेवत होती. जाऊबाईंनी तिला न विचारता आणखी रस्सा वाढला, तो तिनं संपवला.

पुन्हा तळघर

मोजणीच्या दिवशी मी घरी थांबायचं ठरवलं होतं. कानिटकर काकू म्हणाल्या, "इथं बसून काळजी करणार आणि तिथं बसूनही तेच करणार. तिथं निदान कॅन्टीन आहे." मग मी गेले.

पाटीवर खाली एक ओळ वाढलेली होती: "पर्सही नेऊ नये, काकूंचीसुद्धा." मी पर्स ट्रेमध्ये ठेवली आणि आत न जाता बाकावर बसले. पुस्तक उघडलं, पण तेच पान वाचत राहिले.

मुक्ताच्या मार्गदर्शक देवस्थळी मॅडम जाता जाता माझ्याजवळ बसल्या. करडे केस, सुती साडी, पायांत बूट. "तुम्ही मुक्ताच्या आई. मी तिला सांगितलं होतं, मला पुरेसं आहे, तुला पुरेसं आहे का ते तू ठरव. तिनं ठरवलं." थोडं थांबून म्हणाल्या, "मला हे जमलं नसतं, तिच्या वयात. आज तरी जमेल की नाही, माहीत नाही." आणि उठून गेल्या. पुण्यात कौतुक असंच करतात असं मला नंतर ओंकारनं सांगितलं. उभं राहून ऐकायच्या आत ते संपतं.

चार वाजता मुक्ता बाहेर आली. शेजारी बसली.

"कमी झाला," ती म्हणाली.

"किती?"

"फरक निम्म्याहून कमी राहिला. बाकीचा तारेचा होता. आधी खराब तार त्या तशाच ठेवलेल्या चिपला होती, म्हणून माझी स्वच्छ केलेली एवढी चांगली दिसत होती." ती भिंतीकडे पाहत बोलत होती. "पण राहिला आहे, आई. खराब तार लावूनही माझीच जास्त टिकली. थोडी. पण प्रत्येक मोजणीत."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण ओंकार दारात उभा होता.

"चल," तो तिला म्हणाला. "आलेख काढायचाय. रडायचं असेल तर नंतर, आत्ता वाय-ॲक्सिस ठरव."

सभागृह

परीक्षकांनी शेवटी काय ठरवलं ते आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. त्यांनी पदवीची शिफारस केली, आणि शेवटच्या प्रकरणात नवा आलेख पहिला व जुना त्याच्यामागं छापावा अशी अट घातली. पण हे नंतर, दार बंद करून ठरलं. त्याआधी दीड तास कुणालाच ठाऊक नव्हतं.

सभागृहात पुढच्या रांगेत परीक्षक, मधे विद्यार्थी, मागे मी, जाऊबाई आणि कारखान्यातून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले भाऊजी. कानिटकर काकूही आल्या होत्या, "कळणार काही नाही, पण पंखे चांगले आहेत" म्हणून.

मुक्तानं जुना आलेख दाखवला. मागच्या रांगेपर्यंत दिसेल असा फरक होता. मग तिनं शेजारी नवा ठेवला आणि सावकाश म्हणाली, "प्रबंधात जो आकडा आहे, तो चुकीचा आहे. हा बरोबर आहे. हा लहान आहे." विद्यार्थ्यांत थोडी चुळबूळ झाली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, बंगळूरहून आलेले, आवाज बारीक. इंग्रजीतच बोलले, पण अर्थ सरळ होता. प्रबंध आम्ही स्वीकारला होता. हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?

"कुणी नाही, सर."

मग का केलं?

"मला एकदा दिसलं होतं," मुक्ता म्हणाली. "ते मी केलेल्या कामामुळे दिसलं, की तसंच दिसलं असतं, ते मला सांगता येत नव्हतं. आता थोडं सांगता येतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आणखी बरेच प्रश्न विचारले, मला न समजणारे. प्रत्येक वेळी ती क्षणभर थांबून उत्तर देत होती, आणि दोनदा "माहीत नाही" म्हणाली. ते शब्द तिनं इतक्या निवांतपणे उच्चारले की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. जाऊबाईंनी तिच्यावर काही ठेवलं नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. अशा वेळी कुणी विचारत नाही, असं मला मुक्तानंच सांगून ठेवलं होतं. सगळे उठायच्या तयारीत होते. मी हात वर केला. आयुष्यभर मी इतरांना शांतता राखायला सांगत आले. सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ.

माईक माझ्यापर्यंत आला. मुलीला सभागृहात काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून परक्या विदुषीला म्हणावं तसं म्हटलं.

"आपण दोनदा पाहिलंत. तिसऱ्यांदा कधी पाहणार?"

लोक हसले. देवस्थळी मॅडमही हसल्या. मुक्ता हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि म्हणाली,

"सकाळी इथं येतानाच पंप बंद करून आले आहे."

मी माईक परत दिला आणि खाली बसले.